दुर्मिळ ध्वनिमुद्रिका आणि सहश्रवण

संगीताविषयीच्या लेखनात ‘दुर्मिळ’ हे विशेषण अलीकडे फार सैलपणे वापरले जाते. एखाद्या जुन्या गायिकेची अमुक ध्वनिमुद्रिका दुर्मिळ आहे असे म्हटले की ती श्रेष्ठही आहे, असे गृहीत धरण्याकडे श्रोत्याच्या मनाचा कल होतो. वस्तुतः या दोन विधानांचा परस्परांशी काहीही अनिवार्य संबंध नाही. पहिले विधान त्या तबकडीच्या प्रसाराविषयीचे आहे व दुसरे तीत साठविलेल्या गाण्याविषयीचे. आपल्या संगीतपरंपरेने हा भेद रागांच्या बाबतीत पूर्वीच केलेला आहे. ‘अनवट’ राग गायला म्हणून कोणी गवई मोठा ठरत नाही. तो राग त्याने कसा उभा केला, हे जाणता श्रोता पाहतो. ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत मात्र ही कसोटी आपण अजून पुरती आत्मसात केलेली नाही.

अपरिचित ध्वनिमुद्रिका शोधून काढणे आणि ती इतर श्रोत्यांपुढे ठेवणे, या व्यवहाराचे समीक्षेच्या दृष्टीने मूल्य काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विवेचनासाठी हिंदुस्थानी संगीताच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांचे क्षेत्र घेतले आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, ध्वनिमुद्रिका एकट्याने ऐकली जाते तोवर ती केवळ मालमत्ता असते. जाणत्या श्रोत्यांच्या मंडळात ती ऐकली, तपासली व वादविषय झाली म्हणजेच तिला प्रमाणाची योग्यता येते. परंतु हेच मंडळ सावध नसेल तर ते दुर्मिळतेलाच गुणवत्ता समजू लागते. म्हणून सहश्रवणाचे सामर्थ्य व त्याचे दोष या दोहोंचा विचार एकत्रच केला पाहिजे.

१

प्रथम ध्वनिमुद्रिका दुर्मिळ होतात कशा, हे पाहू. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाची पहिली मोठी मोहीम १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यात कलकत्त्यास झाली. ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गैसबर्ग यांनी गौहरजान व इतर गायिकांचे गाणे मुद्रित केले. या मूळ तबकड्या जर्मनीत हॅनोवर येथे पाठविल्या जात व तेथे त्यांच्या प्रती निघून त्या विक्रीसाठी परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्यास सियालदह येथे कंपनीचा स्वतःचा कारखाना निघाला आणि १९२८ मध्ये तो व्यवसाय डमडम येथे गेला. तबकडी लाखेची असल्यामुळे ठिसूळ असे. दर वेळी पोलादी सुई तीवरून फिरली की तिचा काही अंश झिजे. म्हणजे जी तबकडी अधिक आवडती तीच अधिक लवकर नष्ट होणारी. आज एखाद्या तबकडीची एकही सुस्थितीतील प्रत मिळत नाही याचे कारण ती कोणाला नको होती हे असू शकते, तसेच ती सर्वांना हवी होती हेही असू शकते.

दुसरे कारण व्यापाराचे. कंपन्या गायकांशी करार करीत, आणि नामवंत गायक एका कंपनीशी बांधले गेले की दुसऱ्या कंपनीला नवीन वा कमी प्रसिद्ध गायकांकडे वळावे लागे. अशा लहान कंपन्या बंद पडल्यावर त्यांच्या याद्या व मूळ साचे यांना वाली उरला नाही. मोठ्या कंपनीने पुढे दीर्घकाल वाजणाऱ्या तबकड्या व ध्वनिफिती काढल्या, तेव्हा पुनर्मुद्रणासाठी साहजिकच स्वतःच्या भांडारातील व खपाची खात्री असलेली नावे निवडली. अशा रीतीने एका व्यापारी निवडीवर दुसरी व्यापारी निवड चढली आणि तिलाच पुढील पिढी ‘परंपरा’ म्हणून ओळखू लागली.

तिसरे कारण कलावंताच्या इच्छेचे. जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यू अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांनी ध्वनिमुद्रिका दिल्या नाहीत. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांचे गुरू भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचेही गाणे आपल्याला ऐकावयास मिळत नाही. महाराष्ट्राच्या संगीतावर ज्यांचा ठसा सर्वांत खोल, अशा या दोघांविषयी आपण जे बोलतो ते सर्व शिष्यांच्या गाण्यावरून व ऐकीव वर्णनांवरून. येथे दुर्मिळता नाही, अभावच आहे. आणि तो अभाव लक्षात ठेवल्याखेरीज उपलब्ध ध्वनिमुद्रिकांचे वजन ठरविता येणार नाही.

२

या तिन्ही कारणांचा एकत्रित परिणाम आपल्या संगीतेतिहासाच्या मांडणीवर झाला आहे. घराण्यांचा लिखित इतिहास मुख्यत्वेकरून उस्तादांचा व त्यांच्या शिष्यशाखांचा इतिहास आहे. उलट, पहिल्या दोन दशकांतील ध्वनिमुद्रिकांच्या याद्या पाहिल्या तर गौहरजान, अलाहाबादच्या जानकीबाई, आग्र्याच्या मलकाजान व जोहराबाई अशी गायिकांची नावे ठळकपणे पुढे येतात. आवाज यंत्रात अडकतो, चीज चोरीस जाते, गाणे नको त्या ठिकाणी वाजते, अशा नाना शंकांमुळे त्या काळच्या अनेक गवयांनी कर्ण्यापुढे गाण्यास नकार दिला, असे सांगितले जाते. बैठकीवर उपजीविका असलेल्या गायिकांनी मात्र हे नवे साधन आत्मविश्वासाने हाताळले. तेव्हा ग्रंथांतील इतिहास एक बोलतो आणि तबकड्यांतील इतिहास दुसरे बोलतो.

आग्र्याच्या जोहराबाईंचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. त्यांच्या ध्वनिमुद्रिका १९०८ पासून पुढील मोजक्या वर्षांतील आहेत. फैयाजखाँ यांच्या गायकीवर जोहराबाईंचा प्रभाव होता, ही गोष्ट परंपरेने सांगितली जाते. मात्र या ध्वनिमुद्रिका जोवर संग्राहकांच्या कपाटांतच होत्या तोवर हे विधान केवळ एक आख्यायिका होते. त्या ऐकावयास मिळाल्यावर तेच विधान तपासण्याजोगे बनले. बोलांची फेक, खुला व भरदार आवाज, तानेतील जोम यांविषयी आता श्रोता स्वतः तुलना करू शकतो व त्या तुलनेशी दुसरा श्रोता असहमतही होऊ शकतो. आख्यायिकेशी असहमत होता येत नाही. तिच्यावर विश्वास ठेवावा लागतो किंवा तिची उपेक्षा करावी लागते. दुर्मिळ ध्वनिमुद्रिका सर्वांच्या कानांवर पडण्याचे पहिले मूल्य आमच्या मते हे आहे.

३

परंतु केवळ कानांवर पडणे पुरेसे नाही. जुनी तबकडी हे सहज वाचता येणारे साधन नव्हे, आणि ते वाचण्यासाठी लागणारे सर्व ज्ञान एका व्यक्तीपाशी क्वचितच असते. हा मुद्दा थोडा तपशिलात पाहणे इष्ट आहे.

गतीचाच प्रश्न घ्या. ‘७८’ हा आकडा आज आपण सरसकट वापरत असलो तरी आरंभीच्या तबकड्या नेमक्या त्याच गतीने कापलेल्या असत असे नाही. समजा, एखादी तबकडी मिनिटाला ७४ फेऱ्यांनी मुद्रित झाली व आपण ती ७८ ने वाजविली, तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये गेल्यासारखे भासते, लय चढते व तान प्रत्यक्षाहून चपळ वाटते. मग ‘या बाईंची पट्टी फार उंच होती’ किंवा ‘त्यांची तान विलक्षण द्रुत होती’ अशी विधाने प्रबंधांत जातात, आणि ती वस्तुतः गायिकेविषयीची नसून यंत्राविषयीची असतात. ही चूक यंत्र जाणणाऱ्याच्या लक्षात येते. साथीच्या पेटीचा सूर ओळखणारा वादक किंवा त्याच बैठकीत मुद्रित झालेली दुसरी तबकडी जवळ असणारा संग्राहक तिला पुष्टी देतो.

दुसरा प्रश्न ध्वनिग्रहणाच्या मर्यादेचा. विद्युत्-ध्वनिमुद्रण १९२५ नंतर रूढ झाले. तोपर्यंत गायकाला मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. मंद्रातील हळुवार स्वर त्यात नीट उमटत नसत; तंबोरा बहुधा लोपतच असे. त्यामुळे आवाजाचा जो पातळपणा ऐकू येतो तो गळ्याचा की कर्ण्याचा, हे ठरविण्यासाठी त्याच गायकाच्या विद्युत्-पद्धतीच्या तबकड्या उपलब्ध असल्यास त्यांच्याशी ताडून पाहावे लागते. अब्दुल करीमखाँ (निधन १९३७) यांच्या बाबतीत हे शक्य आहे; कारण त्यांच्या ध्वनिमुद्रिका शतकाच्या पहिल्या दशकातीलही आहेत व तिसऱ्या-चौथ्या दशकांतीलही आहेत. ज्यांच्या केवळ आरंभीच्याच तबकड्या उरल्या, त्यांच्याविषयी मत देताना अधिक संयम आवश्यक आहे.

तिसरा प्रश्न ओळख पटविण्याचा. लेबलावर छापलेले रागनाम नेहमीच विश्वसनीय नसते. लेबल फाटलेले वा झिजलेले असेल तर मधल्या कोऱ्या भागात कोरलेला क्रमांक, ज्याला संग्राहक मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात, तो पाहावा लागतो; त्यावरून मुद्रणाचा काळ व ठिकाण यांचा अंदाज येतो. गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव उच्चारते, हा आरंभीच्या तबकड्यांचा परिचित विशेष आहे. परदेशातील कारागिरांना तबकडी ओळखता यावी म्हणून ही प्रथा पडली, असे तिचे स्पष्टीकरण दिले जाते. आजच्या श्रोत्याला मात्र तोच उच्चार गती ठरविण्यासही साह्य करतो. कारण गाण्यापेक्षा बोलण्याचा अस्वाभाविकपणा कानाला लवकर खटकतो.

चौथा प्रश्न घाटाचा, आणि समीक्षेच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. तेवढ्यात ख्याल मांडणे म्हणजे तासाभराच्या बैठकीचा तुकडा कापून देणे नव्हे. ती एक वेगळी रचना आहे. मुखडा कितव्या क्षणी बांधावयाचा, आलापाला किती अवकाश द्यावयाचा, तान कोठे आणावयाची आणि सुई शेवटास पोचण्यापूर्वी समेवर कसे यावयाचे, याचा हिशेब ज्यांना साधला त्यांनी या लहान घाटातही संपूर्णतेचा प्रत्यय दिला. ज्यांना तो साधला नाही ते बैठकीत मोठे असूनही तबकडीवर अपुरे वाटतात. हा भेद न जाणणारा श्रोता एकतर तबकडीवरून गायकाला कमी लेखतो, किंवा ‘एवढेच का उरले’ म्हणून हळहळत समोर असलेल्या गोष्टीचे मोल करावयास विसरतो. बैठक प्रत्यक्ष ऐकलेला एखादा वृद्ध रसिक व केवळ तबकड्यांवर वाढलेला तरुण अभ्यासक एकत्र बसून ऐकू लागले म्हणजेच हा प्रश्न नीट मांडला जातो.

या चारही बाबतींत सहश्रवण हे सौजन्याचे वा करमणुकीचे साधन राहत नाही. पाठचिकित्सेत ज्याप्रमाणे एका पोथीवरून पाठ निश्चित होत नाही, निरनिराळ्या प्रती व निरनिराळे वाचक लागतात, त्याप्रमाणेच ध्वनिमुद्रिकेचा ‘पाठ’ही अनेक कानांतून सिद्ध होतो.

४

आता या व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. त्यासाठी केसरबाई केरकर यांच्या एका भैरवीचे उदाहरण पुरेसे आहे.

१९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन अंतराळयाने सोडली. पृथ्वीवरील ध्वनींची व संगीताची एक सोनेरी तबकडी त्यांच्यावर बसविलेली आहे. कार्ल सेगन यांच्या मार्गदर्शनाखाली तिच्यासाठी संगीताच्या २७ रचना निवडल्या गेल्या. त्यांत भारतीय संगीताची एकच, केसरबाईंची सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी. तिची शिफारस संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी आग्रहपूर्वक केली होती. परंतु ती ध्वनिमुद्रिका त्या वेळी बाजारात मिळेना. या प्रकल्पाविषयी त्यातील मंडळींनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मर्मर्स ऑफ अर्थ’ या ग्रंथात, पुष्कळ शोधाअंती न्यूयॉर्कमधील एका भारतीय दुकानात एका खोक्यात तिच्या तीन न उघडलेल्या प्रती सापडल्याचे सांगितले आहे. दुसरे व्हॉयेजर २० ऑगस्टला व पहिले ५ सप्टेंबरला निघाले. आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाईंचे निधन झाले.

एका जाणत्या श्रोत्याने आपल्याला मोलाची वाटलेली पण सहज न मिळणारी ध्वनिमुद्रिका इतरांपुढे आग्रहाने ठेवली, आणि ती खोक्यातून उठून सूर्यमालेच्या सीमेपलीकडे गेली. शोधून काढण्याच्या व दुसऱ्याला ऐकविण्याच्या कृतीचे याहून मोठे फलित कल्पिणे कठीण आहे. तरीही समीक्षकाने येथे थांबून भागणार नाही. केसरबाईंची कीर्ती ज्या गाण्यावर उभी होती ते गाणे म्हणजे अल्लादियाखाँच्या तालमीतील अनवट व जोड रागांतील दीर्घ, अखंड दमसासाचा ख्याल होय. स्वतः बाई ध्वनिमुद्रणाविषयी अत्यंत कठोर होत्या. आज त्यांचे नाव जगभर ज्या रचनेमुळे घेतले जाते ती मात्र बैठकीच्या शेवटी गायिल्या जाणाऱ्या भैरवीची एक लहान बाजू आहे. ती सुंदर नाही असे कोणीही म्हणणार नाही. परंतु एक ध्वनिमुद्रिका वारंवार पुढे केल्याने ती स्वतः अपरिचित राहिली नाही आणि तिच्या प्रकाशात त्याच गायिकेचे उरलेले गाणे मात्र अधिक अपरिचित झाले, ही गोष्ट नाकारता येत नाही. शिफारस जशी कक्षा वाढविते तशी ती कक्षा आखूनही देते.

याच्या उलट उदाहरण भीमसेन जोशी यांच्या बालपणाचे. अब्दुल करीमखाँ यांची झिंझोटीतील ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर ऐकून त्या मुलाला गाण्याचे वेड लागले व पुढे १९३३ मध्ये त्याने गुरूच्या शोधात घर सोडले, ही हकीकत त्यांच्या चरित्रांत प्रसिद्ध आहे. ती ध्वनिमुद्रिका मुळीच दुर्मिळ नव्हती. लोकप्रिय होती म्हणूनच ती त्या मुलाच्या कानांवर पडली. अपरिचिताच्या शोधात रमलेल्या श्रोतृमंडळांना सर्वपरिचित गोष्टीविषयी जी एक सूक्ष्म तुच्छता वाटू लागते, तिला हे उत्तर आहे.

तुच्छतेचा सख्खा भाऊ म्हणजे लपवाछपवी. ‘ही तबकडी केवळ माझ्याचकडे आहे’ या वाक्यातील अभिमान आपल्याला नवा नाही. आपल्या उस्तादांनी चिजा राखून ठेवल्या, त्यांचे अंतरे शिष्यांनाही दिले नाहीत, अशा कथा आपण ऐकलेल्या आहेत. त्या बंदिस्तपणाविरुद्ध पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी आयुष्य वेचून शेकडो चिजा स्वरलिपीत बांधल्या व क्रमिक पुस्तकांतून सर्वांपुढे ठेवल्या. उस्तादाच्या राखणीमागे निदान विद्या जतन करण्याचा व पोटाचा प्रश्न होता. तबकडी दडविणाऱ्या संग्राहकाला तेवढाही आधार नाही. कारण त्याने जे दडविले ते त्याने निर्माण केलेले नसून केवळ विकत घेतलेले आहे. त्याच्या पश्चात वारसांना त्या ढिगाचे मोल माहीत नसेल तर तोच ढीग पुन्हा मुंबईच्या चोरबाजारात वा पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन पडतो आणि शोधाचे चक्र पुन्हा आरंभापासून फिरू लागते.

५

सुदैवाने या वृत्तीला छेद देणारे प्रयत्न आपल्याकडे झाले आहेत. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली व तिने ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाद्वारे याद्या, लेख व शोध प्रसिद्ध केले. मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय ध्वनिमुद्रणांची सविस्तर सूची १९९४ मध्ये ग्रंथरूपाने दिली. विक्रम संपत यांचे गौहरजानवरील चरित्र २०१० मध्ये आले. या कार्याचे वैशिष्ट्य असे की, ते विद्यापीठांच्या प्रांगणात नव्हे, तर मुख्यतः श्रोत्यांच्या वर्तुळांत वाढले. विद्यापीठीय अभ्यासाने त्याची दखल उपकृत भावनेने घ्यावयास हवी. परंतु आपली चिकित्सक दृष्टी गहाण ठेवून नव्हे.

कारण परिस्थिती आता पालटली आहे. जुन्या तबकड्यांतील गाणे अंकीय रूपात उतरविणे सोपे झाल्यापासून एकेकाळी पाच-दहा माणसांनी ऐकलेली गाणी आज कोणालाही घरबसल्या ऐकता येतात. कायद्याचीही फारशी आडकाठी नाही. भारतीय कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षांनी संपतो. तेव्हा वस्तूची दुर्मिळता ओसरत चालली आहे. तिच्या जागी ज्ञानाची दुर्मिळता येत आहे. गाणे हजारो श्रोत्यांपर्यंत पोचते, पण ते कोणत्या तबकडीवरून, कोणत्या गतीने, कोणत्या प्रतीवरून उतरविले याचा पत्ता त्याच्यासोबत जात नाही. खरखर काढून टाकण्याच्या उत्साहात आवाजाचाही काही अंश खरवडला जातो, आणि ऐकणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. नाव-गाव हरवलेली ध्वनिमुद्रिका सर्वत्र वाजत असली तरी अभ्यासाच्या दृष्टीने ती हरवलेलीच होय.

म्हणून आमची सूचना साधी आहे. संगीतविषयक प्रबंधात ध्वनिमुद्रिकेचा आधार घेताना हस्तलिखिताच्या आधाराइतकीच शिस्त पाळली जावी. लेबलाचा व मॅट्रिक्सचा क्रमांक, कोणती गती धरली व का, प्रतीची स्थिती आणि ती कोणाच्या संग्रहातून आली, यांची नोंद असावी. लेबलावरील रागनाम आणि श्रोत्यांनी ठरविलेला राग या दोन वेगळ्या रकान्यांत लिहाव्यात. विभागात होणाऱ्या श्रवणसत्रांतून एखाद्या मुद्द्यावर मतभेद झाला तर बहुमत तेवढे न नोंदविता मतभेदही नोंदविला जावा. पुढे दुसरी प्रत सापडली म्हणजे त्याच मतभेदाला किंमत येते. आणि प्रत्येक अपरिचित ध्वनिमुद्रिकेपुढे दोन प्रश्न निरनिराळे विचारले जावेत : ही अपरिचित का राहिली, आणि हिच्यात गाणे कसे आहे? पहिल्याचे उत्तर व्यापाराच्या, साधनांच्या व समाजाच्या इतिहासात शोधावयाचे असते. दुसऱ्याचे उत्तर कानांनी द्यावयाचे असते.

या दोन प्रश्नांची गल्लत टाळली तर आणखीही एक गोष्ट साधेल. पुष्कळ दुर्मिळ तबकड्या ऐकल्यावर ‘ही सामान्य आहे’ असे म्हणण्याचे धैर्य श्रोत्याला येईल. ते म्हणता आले म्हणजेच, जोहराबाईंसारख्या गायिकेची एखादी बाजू ऐकून ‘ही असामान्य आहे’ असे जेव्हा तो म्हणेल, तेव्हा त्या शब्दावर इतरांना विसंबता येईल.